ज्याअर्थी आणि त्याअर्थी: शेतमजूर नेत्यांच्या गौरवाचे ठराव कसे वाचायचे

कॅलिफोर्नियात १० एप्रिल हा डोलोरेस वेर्ता दिन आणि २५ ऑक्टोबर हा लॅरी इट्लियाँग दिन. या दिवशी शाळा भरतात, कचेऱ्या चालू असतात आणि द्राक्षमळ्यातला मजूर नेहमीच्या वेळेला कामावर असतो. मग विधिमंडळाने दिलं काय? अशा दिवसांची आणि गौरवाच्या ठरावांची बातमी आपल्यापर्यंत 'अमुक नेत्याचा सन्मान' एवढ्या एका ओळीत येते. त्या ओळीमागचा कागद हातात घेतला की दोन गोष्टी तपासायच्या. कागद कोणत्या प्रकारचा आहे, यावरून तो कोणाला बांधतो हे कळतं. आणि त्यात इतिहास म्हणून काय लिहिलं आहे, यावरून सरकारने काय कबूल केलं हे कळतं. गौरवाचं खरं मोल या दुसऱ्या गोष्टीत असतं, आणि नेमकी तीच कोणी वाचत नाही.

आधी ही दोन माणसं कोण ते पाहू. डोलोरेस वेर्ता यांच्या आडनावातला सुरुवातीचा 'ह' स्पॅनिशमध्ये मुका असतो, म्हणून 'वेर्ता'. जन्म १९३० चा, न्यू मेक्सिकोतल्या डॉसन या खाणगावातला. वाढल्या कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनमध्ये. आई तिथे हॉटेल चालवायची आणि तुटपुंज्या मजुरीवर जगणाऱ्यांना स्वस्तात खोली द्यायची. वडील खाणकामगार, शेतमजूर आणि युनियनचे कार्यकर्ते. १९३८ मध्ये ते न्यू मेक्सिकोच्या विधिमंडळावर निवडूनही गेले. वेर्ता काही काळ शिक्षिका होत्या. वर्गात उपाशीपोटी आणि अनवाणी येणारी शेतमजुरांची मुलं पाहून त्यांनी नोकरी सोडली आणि १९६२ मध्ये सेझार चावेझ यांच्यासोबत नॅशनल फार्म वर्कर्स असोसिएशन ही संघटना उभी केली. मळेवाल्यांसमोर बसून करार ठरवणं आणि राजधानी सॅक्रामेंटोत आमदारांच्या मागे लागून कायदे करून घेणं, ही त्यांची खास कामं.

लॅरी इट्लियाँग यांचा जन्म १९१३ चा, फिलिपिन्समधल्या पांगासिनान प्रांतातला. पंधराव्या वर्षी, १९२९ मध्ये, ते अमेरिकेत आले. अलास्कात मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यात काम करताना त्यांची तीन बोटं गेली, आणि 'सात बोटांचा लॅरी' हीच त्यांची ओळख झाली. ८ सप्टेंबर १९६५ रोजी डिलेनो गावच्या द्राक्षमळ्यांत फिलिपिनो मजुरांनी त्यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू केला. मागणी होती तासाला १ डॉलर ४० सेंट मजुरीची. चावेझ-वेर्ता यांच्या संघटनेतले, बहुतेक मेक्सिकन वंशाचे मजूर १६ सप्टेंबरला या संपात उतरले. पुढे ही संघटना आणि इट्लियाँग यांची संघटना एक झाल्या, देशभर द्राक्षांवर बहिष्कार पडला, आणि २९ जुलै १९७० रोजी डिलेनोच्या मळेवाल्यांनी करारावर सह्या केल्या. ८ आणि १६ सप्टेंबरमधले हे आठ दिवस लक्षात ठेवा. ठराव चुकतात ते बहुतेक तिथेच.

कागद कोणता?

अमेरिकी काँग्रेसमध्ये गौरवाचा कागद प्रामुख्याने तीन प्रकारचा असतो. पहिला साधा ठराव. तो एकाच सभागृहाचा असतो, दुसऱ्या सभागृहाकडे जात नाही, राष्ट्राध्यक्षांकडेही जात नाही. दुसरा दोन्ही सभागृहांनी मिळून केलेला सहमतीचा ठराव. त्यालाही राष्ट्राध्यक्षांची सही लागत नाही आणि कायद्याचं बळ नसतं. तिसरा संयुक्त ठराव. तो दोन्ही सभागृहांतून मंजूर होऊन राष्ट्राध्यक्षांकडे जातो आणि सही झाली की कायदाच ठरतो.

राज्यांत हीच नावं वेगळ्या अर्थाने वापरतात, आणि इथे जाणकारही फसतात. कॅलिफोर्नियात 'संयुक्त ठराव' म्हणजे केंद्रीय सरकारला, म्हणजे वॉशिंग्टनला, उद्देशून केलेलं आवाहन. राज्यापुरता गौरव करायचा तर तिथे सहमतीचा ठराव लागतो. त्यावर गव्हर्नरची सही नसते. मंजुरीनंतर तो राज्याच्या सचिवांकडे दाखल होतो आणि त्याला ठरावांच्या यादीतला वेगळा क्रमांक मिळतो.

वेर्ता दिन आणि इट्लियाँग दिन मात्र ठरावाने आलेले नाहीत. ती विधेयकं होती: इट्लियाँग यांच्यासाठी २०१५ चं असेंब्ली (राज्य विधिमंडळाचं कनिष्ठ सभागृह) विधेयक क्रमांक ७ आणि वेर्ता यांच्यासाठी २०१८ चं क्रमांक २६४४. दोन्हींवर गव्हर्नर जेरी ब्राऊन यांची सही झाली. फरक असा पडतो की ठराव त्या वर्षापुरता बोलतो आणि संपतो, तर कायदा पुस्तकात राहतो. इट्लियाँग दिनाच्या कायद्याप्रमाणे गव्हर्नरने दर वर्षी त्या दिवसाची घोषणा करायची असते, मग खुर्चीवर कोणत्याही पक्षाचा माणूस असो. शाळांबाबत शब्द सौम्य आहे. त्या दिवशी योग्य ते कार्यक्रम घेण्यास शाळांना 'प्रोत्साहन' दिलं आहे, सक्ती नाही. एखादी शाळा इट्लियाँगचं नावही घेणार नाही, आणि तरी कायदा मोडला असं होणार नाही. त्यापेक्षा २०१३ चं विधेयक क्रमांक १२३ जास्त खोल गेलं. शेतमजूर चळवळीतलं फिलिपिनो अमेरिकनांचं योगदान राज्याच्या अभ्यासक्रमात आणायचं, असं त्याने ठरवलं. गाजावाजा दिनाचा होतो; मुलांच्या हातात पडतो तो अभ्यासक्रम.

तिकडच्या मराठी घरांना हा फरक दिवाळीवरून चटकन कळेल. २००७ मध्ये काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाने दिवाळीचं महत्त्व मान्य करणारा साधा ठराव केला. त्याने कोणाला एक तासाची रजाही मिळाली नाही. कॅलिफोर्नियात दिवाळी राज्याच्या सुट्ट्यांच्या यादीत आली ती २०२५ मध्ये, विधेयक क्रमांक २६८ वर गव्हर्नरची सही झाल्यावर.

आणखी एक कागद आहे, त्याने फार गोंधळ होतो. आमदार आपल्या सहीनिशी, सोनेरी शिक्क्याचं, चौकटीत बसवलेलं मानपत्र देतात. त्यावरही 'ठराव' असंच छापलेलं असतं. त्यावर सभागृहात मतदान झालेलं नसतं. भिंतीवर ते शोभून दिसतं, पण 'विधिमंडळाने ठराव केला' असं त्यावरून लिहिता येत नाही. ओळखायची खूण सोपी: ठरावाला क्रमांक आहे का, आणि त्या क्रमांकाखाली कामकाजाची नोंद सापडते का.

एकच लांबलचक वाक्य

ठरावाची भाषा मराठी माणसाला परकी वाटायचं कारण नाही. आपल्या सरकारी आदेशांतलं 'ज्याअर्थी… त्याअर्थी…' हेच तिथलंही व्याकरण. आधी 'ज्याअर्थी'ची कलमं, प्रत्येकाच्या शेवटी अर्धविराम, मग 'त्याअर्थी आता असा ठराव करण्यात येत आहे की', आणि त्यापुढे प्रत्यक्ष ठराव. नीट पाहिलं तर दोन पानांचा अख्खा ठराव म्हणजे एकच वाक्य असतं. म्हणून त्यातलं एक कलम चुकीचं असलं तरी सगळं वाक्य लंगडतं.

कच्चं कलम असं असतं:

'ज्याअर्थी, श्रीमती वेर्ता यांनी शेतमजुरांच्या उत्थानासाठी आपले संपूर्ण आयुष्य वेचले;'

हे कोणत्याही समाजसेवकाच्या नावापुढे चिकटवता येईल. यात सभागृहाने काहीच कबूल केलेलं नाही. आता हे पाहा:

'ज्याअर्थी, १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने 'कर्मचारी' या शब्दाच्या व्याख्येतून शेतमजुराला वगळले, आणि त्यामुळे संघटना केल्याबद्दल कामावरून काढलेल्या शेतमजुराला त्या कायद्याखाली दाद मागता येत नव्हती;'

आमचं स्पष्ट मत आहे की गौरवाच्या ठरावात असं एक तरी कलम हवंच. नेत्याला लढावं का लागलं, हे त्यात येतं. अन्याय आपोआप झाला नव्हता, कायदेमंडळाने शब्द वापरून तो केला होता, हे एक कायदेमंडळच लिहून देतं. पुढे कोणी वकील, शिक्षक किंवा पत्रकार तो ठराव उघडतो तेव्हा त्याच्या उपयोगाला येतं ते हेच कलम.

'ज्याअर्थी' लिहिताना एका कलमात एकच घटना घ्यावी, वर्ष आणि जागा द्यावी, आणि क्रियापद नेमकं वापरावं. वेर्ता यांच्याबाबत 'मदत केली' असं लिहू नये. १९६६ मध्ये शेन्ली या मद्य कंपनीसोबतचा करार त्यांनी वाटाघाटी करून ठरवला, तर 'वाटाघाटी केल्या' असंच लिहावं. १९६३ मध्ये शेतमजुरांना अपंगत्व विमा मिळावा म्हणून त्यांनी आमदारांकडे पाठपुरावा केला, तर 'पाठपुरावा केला'. 'सी से पुएदे', म्हणजे 'होय, हे होऊ शकतं', ही घोषणा १९७२ मध्ये ॲरिझोनात त्यांनी दिली. ती वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या नावावर फिरत राहिली, म्हणून तिचं कलम वेगळं आणि ठळक हवं. विशेषणं जितकी कमी, तितका ठराव टिकाऊ.

कलमं किती? आठ ते बारा पुरेत. वीस-पंचवीस झाली की सभागृहात वाचली जात नाहीत आणि तपासलीही जात नाहीत.

'त्याअर्थी'नंतरचा भाग लहान असतो, पण तिथल्या क्रियापदांची उतरंड ओळखावी. सगळ्यात हलकं 'गौरव करते'. त्याहून जड 'अमुक दिवस अमुक नावाने घोषित करते'. मग 'शाळांना, नागरिकांना आवाहन करते'. 'करतील' किंवा 'करणे बंधनकारक राहील' ही भाषा ठरावात बसतच नाही. ती हवी असेल तर विधेयक मांडावं लागतं. कॅलिफोर्नियाच्या ठरावांच्या शेवटी ठरलेलं कलम असतं: सभागृहाच्या मुख्य लिपिकाने या ठरावाच्या प्रती पुढील वितरणासाठी ठराव मांडणाऱ्या सदस्याकडे पाठवाव्यात. म्हणजे प्रती कोणाकडे जायच्या हे त्या आमदाराच्या कचेरीत ठरतं. कुटुंब, युनियन, जिल्ह्याचं शिक्षण खातं, गावचं वाचनालय अशी यादी आधीच देऊन ठेवली नाही, तर प्रती तिथेच पडून राहतात.

मंजुरीची वाट

कॅलिफोर्नियाच्या असेंब्लीत ८० आणि सेनेटमध्ये ४० सदस्य. कल्पना कोणाचीही असू शकते, पण ठराव मांडायला सदस्यच लागतो. कायदेविषयक सल्लागारांचं कार्यालय मसुदा साच्यात बसवतं, क्रमांक पडतो, नियम समितीकडून तो सभागृहात येतो. मांडणारा सदस्य दोन-चार मिनिटं बोलतो. मग सहमांडणारे म्हणून नाव घालायला सगळ्यांना वाव देतात. आपल्याकडच्या सोसायटीच्या सभेतला सूचक-अनुमोदक हा प्रकार इथे पन्नास-साठ नावांपर्यंत जातो. आवाजी मतदान होतं आणि कागद दुसऱ्या सभागृहाकडे जातो. विधेयकाला हे सोपं नाही. मांडल्यावर तीस दिवस त्याला कोणी हात लावायचा नाही, मग समित्या, मग असेंब्लीत किमान ४१ आणि सेनेटमध्ये २१ मतं, मग गव्हर्नर. सही झालेला साधा कायदा बहुधा पुढच्या १ जानेवारीपासून लागू होतो. म्हणून पुढच्या वर्षीच्या १० एप्रिलला दिन हवा असेल, तर आदल्या वर्षाच्या सुरुवातीलाच विधेयक मांडलेलं हवं.

वॉशिंग्टनमध्ये अडचण वेगळी. प्रतिनिधिगृहाच्या नियमांत १९९५ पासून एक बंदी आहे: ठरावीक दिवस, आठवडा किंवा महिना कोणाच्या स्मरणार्थ नेमून देणारं विधेयक किंवा ठराव मांडायचाच नाही. त्याआधी अशा 'दिना'च्या कायद्यांनी सभागृहाचा पुष्कळ वेळ खाल्ला होता. म्हणून तिथले मसुदे वळसा घेऊन लिहिलेले असतात. 'दिन घोषित करते' ऐवजी 'कार्याचा गौरव करते' किंवा 'दिनामागच्या उद्दिष्टांना पाठिंबा देते'. वाचणाऱ्याला हे गुळमुळीत वाटतं, पण तो नियमाचा परिणाम आहे. प्रतिनिधिगृहात असा ठराव चर्चेला आलाच, तर बहुधा नियम स्थगित करून येतो: चाळीस मिनिटं चर्चा, दुरुस्तीला वाव नाही, आणि मंजुरीला दोन तृतीयांश मतं.

सेनेटमध्ये एकमताचा रस्ता आहे. मसुदा आधी सगळ्या कचेऱ्यांत फिरवतात, कोणाचीच हरकत नसेल तर दिवसाच्या शेवटी जवळजवळ रिकाम्या सभागृहात अर्ध्या मिनिटात तो मंजूर होतो. शंभरातल्या एकाने हरकत घेतली की गाडी थांबते. तिथली एक बारकी गोष्ट फार महत्त्वाची आहे: सेनेटमध्ये आधी ठराव मंजूर होतो आणि 'ज्याअर्थी'ची प्रस्तावना त्यानंतर वेगळी मंजूर होते. म्हणून नोंदीत 'प्रस्तावनेसह मंजूर' असे शब्द आहेत की नाहीत, ते पाहावं. प्रस्तावना गळाली असेल तर गौरव उरतो, कबुली जाते.

काँग्रेसचं सुवर्णपदक हा ठराव नव्हे, त्याला कायदा करावा लागतो. समित्यांच्या नियमांप्रमाणे प्रतिनिधिगृहात २९० आणि सेनेटमध्ये ६७ सहपुरस्कर्ते जमवल्याशिवाय तो विषय पुढे सरकत नाही. याउलट प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हे सर्वस्वी राष्ट्राध्यक्षांच्या हातातलं. वेर्ता यांना ते २०१२ मध्ये मिळालं, काँग्रेसमध्ये एकही मत न मोजता.

कुठे चुकतं

सगळ्यात जास्त चुकतं ते त्या आठ दिवसांत. 'चावेझ आणि वेर्ता यांनी डिलेनोचा संप सुरू केला' असं कलम लिहिलं की फिलिपिनो मजूर एका अर्धविरामात पुसले जातात. ही किरकोळ तारखेची चूक नाही. ७ सप्टेंबरच्या रात्री फिलिपिनो कम्युनिटी हॉलमध्ये ज्यांनी संपाचा कौल दिला, त्यांतले कितीतरी म्हातारे, एकटे, छावणीत राहणारे मजूर होते. संप फसता तर डोक्यावरचं छप्परही गेलं असतं. म्हणून कलम असं हवं: '८ सप्टेंबर १९६५ रोजी फिलिपिनो मजुरांनी संप सुरू केला आणि १६ सप्टेंबर रोजी नॅशनल फार्म वर्कर्स असोसिएशन त्यात सामील झाली.' दोन्ही नेत्यांचा मान यात राहतो. इट्लियाँग १९७७ मध्ये वारले, आणि त्यांच्या नावाचा दिवस यायला २०१५ उजाडलं. असं विसरलं जाण्यात आधीच्या ढिसाळ वाक्यांचा मोठा वाटा आहे.

दुसरी चूक: चालू वादातलं एखादं विधेयक 'ज्याअर्थी'त घुसवणं. कारण कितीही न्याय्य असलं तरी एकमताच्या रस्त्यावर त्याने ठराव अडतो. तिसरी: उशीर. जयंती उलटून गेल्यावर मंजूर झालेला ठराव कार्यक्रमात वाचायला मिळत नाही. काँग्रेसची मुदत दोन वर्षांची. तेवढ्यात मंजूर न झालेले ठराव आपोआप संपतात आणि नव्या क्रमांकाने पुन्हा मांडावे लागतात. चौथी: हयात व्यक्तीचा मसुदा तिला न दाखवणं. गावांची नावं, मुलांची संख्या, सालं, या गोष्टी वर्तमानपत्रांच्या जुन्या कात्रणांत सर्रास चुकलेल्या असतात. मंजूर झालेला ठराव नंतर खोडता येत नाही. दुरुस्तीला नवा ठराव करावा लागतो, आणि जुना चुकीचा ठरावही नोंदीत राहतोच.

गौरव आणि हक्क

गौरवाला पैसा लागत नाही, हक्काला लागतो. म्हणून दोन्हींचं मतदान शेजारी ठेवून पाहावं. १९३५ च्या कायद्याने शेतमजुराला युनियनच्या संरक्षणातून वगळलं आणि १९३८ च्या किमान वेतन कायद्याने वेतनाच्या हमीतूनही. १९६६ मध्ये किमान वेतन काही शेतमजुरांपर्यंत पोचलं. जादा कामाच्या मजुरीतून मात्र केंद्रीय कायदा त्यांना अजूनही वगळतो. कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये स्वतःचा शेतमजूर कामगार संबंध कायदा केला, आणि मळ्यात गुप्त मतदानाने युनियन निवडायचा हक्क आला. वेर्ता यांनी त्यासाठी झुंज दिली होती. त्या कायद्यावर सही करणारे तरुण गव्हर्नर जेरी ब्राऊनच होते. त्रेचाळीस वर्षांनी, त्याच खुर्चीवर पुन्हा बसलेले असताना, त्यांनी वेर्ता दिनावर सही केली.

त्या दोन सह्यांच्या मध्ये जादा कामाच्या मजुरीची लढाई झाली. कॅलिफोर्नियात इतर कामगारांना दिवसाला आठ तासांनंतर दीडपट मजुरी मिळायची, शेतमजुराला दहा तासांनंतर. हा फरक मिटवणारं विधेयक क्रमांक २७५७ जून २०१६ मध्ये असेंब्लीत आलं. इट्लियाँग दिनाचा कायदा होऊन तेव्हा वर्षही उलटलं नव्हतं. विधेयकाला ४१ मतं हवी होती, ३८ पडली. तोच मजकूर क्रमांक १०६६ म्हणून पुन्हा आणावा लागला, आणि सप्टेंबरमध्ये त्यावर सही झाली. मोठ्या शेतांवर आठ तासांची मर्यादा टप्प्याटप्प्याने २०२२ मध्ये आली, आणि पंचवीस किंवा त्याहून कमी मजूर असलेल्या शेतांवर १ जानेवारी २०२५ रोजी.